फळ खोटं, कर्म खरं

मॅट्स स्टीन हा नॉर्वेतला तरुण नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी गेला. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आजाराने त्याचे स्नायू लहानपणापासून एकेक करून निकामी केले होते. शेवटची वर्षं व्हीलचेअरमध्ये, संगणकासमोर गेली. मैत्री, प्रेम, कुणाच्या उपयोगी पडणं, यांतलं काहीच आपल्या मुलाच्या वाट्याला आलं नाही, हे आईवडिलांचं मोठं दुःख होतं. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी लिहिली आणि खाली स्वतःचा ईमेल पत्ता दिला. मग युरोपातल्या वेगवेगळ्या देशांतून पत्रं येऊ लागली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या गेममध्ये वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर खेळलेल्या माणसांची ती पत्रं होती. गेममध्ये त्याचं नाव इबेलिन होतं. डेन्मार्कमधल्या एका आईचा मुलगा स्वमग्न होता, त्याला जवळ घेतलेलं सहन होत नसे. मॅट्सने तिला सुचवलं, की त्याच्याबरोबर गेम खेळून बघ. त्या मायलेकांची पहिली मोकळी मिठी पडद्यावर झाली. काही सवंगडी अंत्यविधीला ऑस्लोपर्यंत आले. बेंजामिन री यांनी २०२४ साली या आयुष्यावर माहितीपट काढला तो गेममधल्या संभाषणांच्या जपून ठेवलेल्या नोंदींवरून. त्या नोंदींत मॅट्सचं दुसऱ्यांना दुखावणं आहे, आजार लपवणं आहे आणि नंतर मागितलेली माफीही आहे. आता प्रश्न असा, की हा मुलगा जगला की जगण्याचा नुसता भास त्याला झाला? हा प्रश्न आधी तत्त्वज्ञानाचा आहे, तंत्रज्ञानाचा मागाहून.

कुठल्याही कृतीत करणारा असतो, करणं असतं आणि त्यातून मिळणारं फळ असतं. व्हिडिओ गेममध्ये फळ खोटं असतं. जिंकलेला किल्ला, साठवलेली नाणी, चढलेल्या पायऱ्या, सगळं वीज गेली की संपतं. पण करणारा खोटा नसतो. दहा वेळा हरून अकराव्यांदा उठणारी चिकाटी, सोबत्याला संकटात सोडून पळ काढणं, चिडणं, थापा मारणं, मागे राहिलेल्यासाठी थांबणं, हे सगळं खुर्चीत बसलेल्या माणसाचंच असतं. कादंबरी वाचताना किंवा सिनेमा पाहताना निर्णय दुसरा कुणीतरी घेतो आणि आपण त्याच्या सुखदुःखात सामील होतो. गेममध्ये निर्णय खेळणाऱ्याचा असतो, आणि तो न घेता पुढे सरकता येत नाही. म्हणून गेम माणसाला बदलतो तो दाखवलेल्या दृश्यांमुळे कमी आणि करायला लावलेल्या कृतींमुळे जास्त, असं माझं ठाम मत आहे. केलेलं कर्म विरून गेलं तरी करणाऱ्यावर त्याचा संस्कार उरतो, हे आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या दर्शनांनी मानलं आहे. फळ खरं असेल तरच संस्कार उमटतो, अशी अट त्यांनी घातलेली नाही.

यावर पहिला आक्षेप आपल्याच परंपरेतून येईल: मुळात जगच माया, त्यात ही मायेतली माया, तिच्यातून खरं काय निपजणार? असत्यातून सत्य कसं निघेल, या शंकेला शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात थेट हात घातला आहे. विष खरोखर अंगात नसलं तरी ते भिनल्याच्या नुसत्या शंकेने माणूस मेल्याचं दिसतं, असं ते दाखवून देतात. पुढे ते सांगतात, की स्वप्नातला सर्पदंश जागेपणी खोटा ठरतो, पण तो दंश झाल्याची जी जाणीव होती ती जागेपणीही खोटी ठरत नाही. योगवासिष्ठाने हाच विचार लवण राजाच्या कथेत आणखी ताणला आहे. दरबारात एक जादूगार येतो, मोरपिसांचा कुंचा फिरवतो आणि सिंहासनावर बसल्या जागी राजाचं भान हरपतं. एका घोड्यावरून तो दूरच्या रानात जातो, उपासमारीत एका चांडाळ मुलीशी लग्न करतो, संसार थाटतो, मुलं होतात, म्हातारपण येतं, दुष्काळ पडतो. शेवटी तो आगीत उडी घ्यायला निघतो आणि दरबारात डोळे उघडतो. मधे थोडाच वेळ गेलेला असतो. एरवीची गोष्ट इथे ‘सगळं खोटं होतं’ म्हणून संपली असती. योगवासिष्ठ मात्र राजाला दुसऱ्या दिवशी विंध्याकडे पाठवतं. तिथे ते गाव असतं, आणि जावयासाठी, लेकीसाठी रडणारी म्हातारी सासूही असते. अनुभवाचं खरंखोटेपण त्याच्या सामग्रीवर ठरत नाही, हे इतक्या धीटपणे सांगणारी कथा क्वचितच सापडेल. इबेलिनने ज्यांना धीर दिला ती माणसं हाडामांसाची होती आणि धीर देणाराही हाडामांसाचा होता. मधली तलवार आणि मधलं जंगल तेवढं चित्रातलं होतं.

हे झालं शास्त्रार्थाचं. जगातला पुरावा काय सांगतो? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ३३ शल्यचिकित्सकांची पाहणी झाली. आठवड्याला तीन तासांहून जास्त गेम खेळलेल्यांच्या हातून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका झाल्या. गेममुळे हात सुधारला की मुळात चपळ हाताची माणसंच गेमकडे वळली, हे त्यावरून ठरत नाही, म्हणून या आकड्यावर मी फार भार टाकणार नाही. २०१७ चा ऑक्सफर्डमधला प्रयोग जास्त बोलका आहे. अपघातानंतर सहा तासांच्या आत रुग्णालयात आलेल्या ७१ जणांपैकी काहींना घडलेला प्रसंग आठवायला सांगून मग ‘टेट्रिस’ खेळायला दिलं. कोणाला खेळ द्यायचा हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मनात अपघाताची दृश्यं अचानक उसळून येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच कमी होतं. रंगीत ठोकळे फिरवून ओळीत बसवणं ही कृती मनाच्या दृश्यपटाला इतकी गुंतवून ठेवते, की भीतीचं चित्र तिथे पक्कं बसायला जागा उरत नाही, असं संशोधकांचं स्पष्टीकरण आहे. ठोकळे खोटे होते. हलकं झालेलं मन त्या माणसांचं होतं.

चारित्र्यावर होणारा परिणाम असा मोजून दाखवणं अवघड, पण तो कसा घडतो हे एका गेमकडे बारकाईने पाहिलं तर कळतं. लुकास पोप यांच्या २०१३ सालच्या ‘पेपर्स, प्लीज’ या गेममध्ये खेळणारा एका हुकूमशाही देशाच्या सीमेवरचा तपासनीस असतो. काम रुक्ष: पासपोर्ट घ्यायचा, तारीख, फोटो, शिक्का ताडून पाहायचा आणि हिरवा किंवा लाल ठसा मारायचा. जितकी माणसं तपासाल तितका पगार, आणि त्यातून रात्री घरभाडं, जेवण, शेगडीचा खर्च भागवायचा. एक दिवस एक माणूस येतो, त्याची कागदपत्रं चोख असतात. जाताना तो म्हणतो, मागे माझी बायको आहे, तिच्याशी दयेने वागा. बायको येते, तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो. तिला सोडलं तर ठपका येणार. दिवसातल्या पहिल्या दोन चुका नुसत्या समज देऊन माफ, तिसरीपासून दंड. इथे खेळणारा हिशोब करू लागतो, की आज माझ्या किती चुका झाल्या, ही दया मला परवडते का? तो हिशोब करताना स्वतःला पकडणं हाच या खेळाचा गाभा आहे. नोकरशाही माणसाला कशी निबर करते यावर ग्रंथ वाचता येतील, पण आपला अंगठा लाल ठशाकडे वळताना जे कळतं ते ग्रंथाच्या बाहेरचं आहे. असं काही खेळातून शिकवावं ही कल्पना आपल्याला परकी नाही. ज्ञानेश्वरांशी परंपरेने जोडलेला मोक्षपट शिड्यांतून सद्गुण आणि सापांतून दुर्गुण शिकवतच होता. फरक एवढाच, की मोक्षपटात कवड्या पडतील तसं जावं लागतं, साप टाळणं खेळणाऱ्याच्या हाती नसतं. दैव शिकवायला तो पट उत्तम होता. विवेकाला वाव देणारा पट आता पडद्यावर आला आहे.

मग हिंसक गेम खेळणारा खुनी होतो असंही मानावं लागेल, हा आक्षेप माझ्या युक्तिवादाला खरा भिडणारा आहे, कारण करणाऱ्यावर संस्कार होतो असं मीच म्हटलं. २०१९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे हजार किशोरांची पाहणी केली. मुलांच्या आक्रमकतेचा अंदाज पालकांकडूनही घेतला, आणि हिंसक गेमशी तिचा संबंध त्यांना आढळला नाही. इतर काही अभ्यासांत किरकोळ संबंध दिसतो आणि त्यावर वाद चालू आहे. पण कर्माचा विचार नीट केला तर याचं नवल वाटत नाही. कर्माला रंग येतो तो संकल्पाने. बुद्धिबळात घोडा मारणाऱ्याच्या मनात हत्या नसते, चढाओढ असते. बंदुकीच्या गेममध्येही बहुतेकांचा संकल्प चुरशीचा असतो, आणि संस्कार उमटतो तो चुरशीचा. खरी काळजी वेगळ्याच जागी करायला हवी. खेळताना हेडफोनवरून समोरच्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या जातात, मुलगी खेळतेय हे कळताच तिला हैराण केलं जातं. ती शिवी ऐकणारा माणूस खरा असतो. तिथे खेळाचं पांघरूण चालत नाही. पडद्यावरच्या शंभर गोळ्यांपेक्षा ती एक शिवी मला जास्त घातक वाटते.

व्यसनाचा आक्षेप तर नाकारण्याजोगा नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात केली आहे आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या गोष्टी मागे पडणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, ही त्याची लक्षणं आहेत. आपल्या वाङ्मयाला हे दुखणं फार आधीपासून ठाऊक आहे. ऋग्वेदातल्या अक्षसूक्तातला जुगारी फासे सोडायचे ठरवतो आणि त्यांचा आवाज ऐकताच पुन्हा धावतो. द्यूतसभेतला युधिष्ठिर तर धर्मराज होता. मात्र खेळ आणि पैज लावलेला खेळ यांतली सीमारेषाही याच वाङ्मयातून दिसते. पैज लागली की फळ खरं होतं, आणि कर्म त्या फळाचं गुलाम होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना त्यांच्यापासून वेगळं मानलं. ही विभागणी मला तत्त्वतः योग्य वाटते. ती पुरेशी मात्र नाही. पैसे न लावताही अनेक गेम रोज ठरल्या वेळी यायला लावतात, आलात तर बक्षीस देतात आणि एक दिवस चुकला तर साखळी तोडतात. वारकऱ्याचा किंवा साधकाचा नेम याच सातत्यावर उभा असतो, कारण सातत्याने माणूस घडतो. तेच सातत्य माणसाच्या विकासासाठी न वापरता कंपनीच्या कमाईसाठी राबवलं जातं, तेव्हा मुलाच्या स्वभावातली सर्वांत मौल्यवान शक्ती चोरीला जाते. गेम आयुष्य बदलू शकतो हे मान्य केलं की तो ते नासवूही शकतो हे मान्य करावंच लागतं. दोन्हीचं कारण एकच आहे.

राहिला मैदानाचा मुद्दा. जे गेममधून मिळतं ते कबड्डीच्या मैदानात, गणेश मंडळाच्या कामात, आजारी शेजाऱ्याच्या सेवेत मिळत नाही का? मिळतं, आणि शरीरासकट मिळतं. ज्याला मैदान मोकळं आहे त्याने ते सोडून पडद्यात शिरावं असं मी म्हणणार नाही. पण ज्याचं अंग साथ देत नाही, ज्याच्या गावात त्याच्यासारखं कुणीच नाही, ज्याला चारचौघांत बोलता येत नाही, त्याला ‘मैदानात जा’ म्हणणं म्हणजे त्याच्यासाठी उघडं असलेलं एकमेव दार लावून घेणं आहे.

हरिनाम सप्ताहात, प्रवचनांत आता मोबाइल आणि गेमवर हमखास बोललं जातं, आणि आईबाप माना डोलावतात. ज्यांना लोक ऐकतात अशा कीर्तनकार-प्रवचनकारांना माझी कळकळीची विनंती आहे. रमीच्या ॲपवर जमीन घालवणारा बाप आणि मित्रांबरोबर गेम खेळणारा त्याचा मुलगा यांना एकाच शापाखाली उभं करू नका. द्यूत आणि क्रीडा यांत भेद करण्याची शब्दसंपदा तुमच्याकडे आहे, संकल्प आणि संस्कार या कसोट्याही आहेत. त्या लावून बघा, आणि त्याआधी एखाद्या मुलाशेजारी बसून तो काय खेळतो ते त्यालाच समजावून सांगायला लावा.