ऋण की दान?

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासाला १७२४ च्या लढाईमुळे ठाऊक आहे. निजामाने मुबारिझखानाचा पराभव केला तो येथेच. आज तेथील कोरडवाहू शेतकरी निराळ्याच लढाईत उभा आहे. पेरणीच्या वेळी पाऊस दडी मारतो आणि सोयाबीन काढणीला आले की कोसळतो. हवामान बिघडवणाऱ्या धुरात मात्र ह्या शेतकऱ्याचा वाटा नगण्य आहे.

१९९२ साली रिओ येथे राष्ट्रांनी 'समान परंतु भिन्न जबाबदारी' हे तत्त्व मान्य केले. २००९ साली कोपनहेगन येथे धनिक राष्ट्रांनी २०२० पर्यंत गरीब राष्ट्रांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. ते २०२२ साली पुरे झाले, तेही बव्हंशी कर्जाच्या रूपाने! पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या पत्रात 'पर्यावरणीय ऋण' असा शब्द योजला. आम्हांस तो मोलाचा वाटतो. दान हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ऋण फेडावेच लागते. शेजाऱ्याचे कुंपण मोडणाऱ्याचे नुसत्या पश्चात्तापाने भागत नाही. त्याने ते पुन्हा बांधून द्यावे लागते.

परंतु बोट केवळ परदेशाकडे दाखवावे काय? भारताचे दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीहून कमी आहे, ते बहुतांशी गरिबांच्या काटकसरीमुळे. आपण सुखवस्तू माणसे त्या सरासरीआड लपतो. परिषदेत जो न्याय आपण मागतो, तो आपल्या घरालाही लागू आहे. साखरखेर्ड्याच्या शेतकऱ्याचे देणे आपल्याही वहीत मांडलेले आहे.