चोरी फोनची, झडती कुणाची?

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, कुठेही जा. गेल्या काही वर्षांत अभ्यासिका गल्लोगल्ली निघाल्या आहेत. पोलीस भरतीची, तलाठ्याची, एमपीएससीची तयारी करणारी पोरं तिथं पहाटेपासून बसलेली असतात. भिंतीला एक एक्स्टेंशन बोर्ड, त्याला दहा-बारा चार्जर लोंबकळत असतात आणि कुठला फोन कुणाचा, हे कव्हरवरून ओळखायचं असतं. पाणी प्यायला खाली गेलेला मुलगा वर येतो, तर चार्जर जागेवर आहे, फोन नाही. पुढच्या पाच मिनिटांत खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा एका पोराकडे वळतात. तो नवा आलेला असतो, किंवा त्याचे कपडे साधे असतात, किंवा त्याचं आडनावच पुरेसं असतं. त्याची बॅग उपडी केली जाते. फोन सापडो न सापडो, त्या पोराचं त्या अभ्यासिकेतलं बसणं संपतं.

अशा वेळी पोलिसांत जावं का, हा प्रश्न आपण नेहमी उशिरा विचारतो, आणि विचारतो तोही उलटा. माझं म्हणणं सरळ आहे. वस्तू गेली याची नोंद ठाण्यात लगेच झाली पाहिजे. पोराचं नाव मात्र पुरावा असल्याशिवाय कुणी तोंडातून काढू नये. आणि नाव निघालंच, तर गुरुजींच्या मुलाला जो न्याय लावू तोच पालावरच्या मुलाला लावावा. आज घडतं ते याच्या अगदी विरुद्ध. नोंद टाळली जाते, नाव आधी घेतलं जातं, आणि न्याय बाप कोण आहे हे बघून ठरतो.

नोंदीचं आधी बोलू, कारण 'फोनच तर गेला, जाऊ द्या' असं म्हणणारे चांगल्या घरातले असतात. दसरा उलटला की आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. लेकरं आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात मागं राहतात. आईचा आवाज ऐकायचा तर एकच साधन, हप्त्यावर घेतलेला तो फोन. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी त्याच्यावर येतो, भरतीचं हॉलतिकीट त्याच्यात असतं, बँकेतले चार पैसे त्याच्यातूनच हलतात. २०२०-२१च्या टाळेबंदीत तर अख्खी शाळा त्याच्यात शिरली होती, आणि ज्याच्याकडे तो नव्हता त्याची शाळा सुटली होती. कायदा या चोरीला किरकोळ म्हणो. ज्याचा फोन जातो त्या घराला ती किरकोळ नसते. आपल्याकडे तर चोरणारा आणि ज्याचं चोरीला गेलं तो, दोघेही बहुतेकदा सारखेच गरीब असतात.

म्हणून नोंद हवी. *#०६# दाबलं की फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो; तो आजच वहीत लिहून ठेवावा. मे २०२३ पासून केंद्राची सीईआयआर यंत्रणा देशभर सुरू आहे. तिथं हा क्रमांक नोंदवला की चोरीचा फोन देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही, पण त्यासाठी पोलिसांतल्या तक्रारीची प्रत लागते. ठाण्यात गेलं की 'गहाळ झाला असं लिहा' हा सल्ला अनेकदा मिळतो. यात्रेच्या गर्दीत फोन पडला असेल तर तसं जरूर लिहावं. पण चार्जरवरून उचललेला फोन गहाळ झालेला नसतो, आणि अर्जात तसं लिहिलं की शोधायची जबाबदारीही तिथंच संपते. चोरी झाली असेल तर चोरीच लिहा. त्यासाठी कुणाचं नाव द्यावं लागत नाही. 'अज्ञात' हा शब्द फिर्यादीत पूर्वीपासून आहे.

आता नावाकडे येतो. माझ्या लेखी खरा पेच इथं आहे.

एखाद्या वसतिगृहातला फोन साहेबांच्या मुलाच्या पेटीत सापडतो, तेव्हा गृहपालाच्या खोलीत खुर्च्या मांडल्या जातात. चहा येतो. 'लेकराचं वय आहे, आयुष्याचं नुकसान नको,' असं सगळेच म्हणतात आणि प्रकरण मिटतं. ते म्हणतात ते खरंच असतं, हे मी मुद्दाम सांगतो. सोळा वर्षांच्या पोराने एकदा हात मारला म्हणून तो चोर ठरत नाही. पण तोच फोन पारध्याच्या पोराच्या पिशवीत सापडला, किंवा नुसता त्याच्याकडे असेल असं वाटलं, तर खुर्च्या मांडल्या जात नाहीत. आधी हात उठतो, मग ठाण्याला फोन जातो. गुन्हा एकच, वयही तेच, पण दोन पोरांना दोन वेगळे कायदे लागू होतात.

याला इतिहास आहे, आणि तो लांबचा नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्माला येणाऱ्या पोरालाच संशयित ठरवलं. हजेरी, झडती, परवानगीशिवाय गाव सोडायची बंदी हे सगळं त्यातून आलं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. त्याच वर्षी लातूर तालुक्यातल्या धनेगावात, असाच शिक्का बसलेल्या एका जमातीत, लेखक लक्ष्मण गायकवाड यांचा जन्म झाला. लातूर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या आपल्या धाराशिव जिल्ह्यात होतं. ते वेगळं झालं १९८२च्या ऑगस्टमध्ये. गायकवाडांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, महाराष्ट्राने त्यांचं कौतुक केलं. त्या पुस्तकात पोलीस घरात शिरतात तेव्हा घरातल्या पोरांना काय वाटतं, ते आपण सगळ्यांनी वाचलं आहे. वाचून आपण हळहळलो, आणि अभ्यासिकेत फोन हरवला की पहिली बॅग तशाच घरातल्या पोराची उघडतो. कायदा कागदावरून उठला. आपल्या हाताची सवय गेली नाही.

दुसरं उदाहरणही याच जिल्ह्यातलं आहे. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला भटके विमुक्त विकास परिषदेच्या कार्यकर्त्यांनी पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांतल्या मुलांसाठी निवासी शाळा उभी केली. त्या कामातले गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या विचारांशी कुणाचे मतभेद असतील, असोत. पण ज्या पोराकडे गाव संशयाने बघतं, त्याला पेटीला कुलूप आणि वर्गात बाक मिळाला की काय होतं, हे बघायला आपल्याला लांब जायची गरज नाही.

पोलिसांत गेलं की नेमकं काय होतं, याबद्दल आपल्याकडे दोन समज आहेत. एक, पोराचं आयुष्य संपतं. दोन, पोलीस दोन फटके देतील आणि पोर सुधारेल. कायदा दोन्ही खोटे ठरवतो. २०१५चा बाल न्याय अधिनियम जानेवारी २०१६ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला त्यात आरोपी म्हणत नाहीत. आपल्या वर्तमानपत्रांत येतो तो जड शब्द, 'विधिसंघर्षग्रस्त बालक', अशाच मुलासाठी असतो. साध्या चोरीला मोठ्या माणसाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, राहत्या घरातून चोरली तर सात वर्षांपर्यंत. पण मुलाने एकट्याने अशी चोरी केली, तर नियमानुसार त्याच्यावर एफआयआर होत नाही. स्टेशन डायरीत नोंद होते, त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार होतो आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक तरी स्त्री असावी लागते. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. मंडळ त्याला समज देऊन सोडू शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपली नाही, तर ती आपोआप बंद होते. प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी असावा, असंही हाच कायदा सांगतो. आपल्या ठाण्यात तो कोण आहे, हे किती मुख्याध्यापकांना ठाऊक आहे?

आणि ज्यांना आपण पोलिसांत न जाऊन फार दयाळू वागलो असं वाटतं, त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सीसीटीव्हीतली क्लिप गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून 'हा चोर ओळखा' असं लिहिणं पोलिसांत जाण्यापेक्षा कितीतरी क्रूर आहे. अशा मुलाची ओळख उघड केली तर त्याच अधिनियमाच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मंडळाकडची नोंद पुढे आयुष्यात आडवी येऊ नये अशी तरतूद आहे; २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय सुरक्षा दलातल्या एका उमेदवाराची नोकरी याच तत्त्वावर वाचवली. व्हॉट्सॲपवरची क्लिप पुसायला मात्र कुठलंही न्यायालय पुरं पडत नाही.

तर मग पोराचं नाव घेऊन ठाण्यात कधी जावं? फोनमधले फोटो काढून कुणी मुलीला धमकावलं, तर त्याच दिवशी. तिथं 'मिटवून घेऊ' म्हणणं म्हणजे त्या मुलीला एकटं पाडणं. फोन हिसकावताना मारहाण झाली, खात्यातून पैसे काढले गेले, किंवा घरी समजावून, भरपाई घेऊनही तेच पोर पुन्हा पुन्हा सापडलं, तरी जावं. आणि पोराच्या मागं मोठा माणूस असेल तर जावंच जावं. बारा-चौदा वर्षांच्या पोराला फोनचं लॉक तोडता येत नाही. ते तोडून देणारा, पोराच्या हातावर दोनचारशे टेकवून तोच फोन काही हजारांना विकणारा कुणीतरी बाजारात बसलेला असतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. मुलाकडून गुन्हा करवून घेतला तर कलम ९५ खाली किमान तीन आणि कमाल दहा वर्षांची शिक्षा आहे. पोलिसांनी आपला वेळ या दुकानाकडे वळवावा. आपण पोर पकडून समाधान मानतो आणि दुकानदार पुढच्या पोराची वाट बघत बसतो.

यांतलं काही नसेल, पोर ओळखीचं असेल, पहिलीच वेळ असेल आणि वस्तू परत आली असेल, तर पोलीस नकोत. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त 'मोठा होण्यासाठी चोरी' नावाचं एक प्रकरण आहे, आणि चोरी करणारा खुद्द श्याम आहे. ते घरातच सुटलं. पण घरात सोडवायचं म्हणजे काय, हेही नीट बघितलं पाहिजे. शाळा पोराकडून माफीनामा लिहून घेतात आणि फायलीत ठेवतात. तो कागद पुढं दहावीपर्यंत त्याच्या डोक्यावर टांगलेला राहतो. वर्गातली पेन्सिल हरवली तरी तो बाहेर निघतो. माफीनामा घेऊ नये, भरपाई घ्यावी. पोराने ती वस्तू मालकाच्या हातात स्वतः द्यावी, मोडली असेल तर दुरुस्तीचे पैसे सुटीत काम करून थोडे थोडे फेडावेत, आणि त्या वेळी त्याच्या घरचं कुणीतरी शेजारी बसलेलं असावं. मारहाण अजिबात नको. आणि मिटवण्याच्या नावाखाली गाव त्या घराचं पाणी तोडायला निघालं, तर तो सामाजिक बहिष्कार होतो. त्याच्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६चा स्वतंत्र कायदा आहे.

'अशानं पोरं सोकावतील,' हा आक्षेप मी हलका मानत नाही. काही पोरं सोकावतीलही. पण खुर्च्या मांडून मिटवलेल्या घरांतली पोरं सोकावली, असं कुणी कधी म्हणत नाही. ती शिकून नोकरीला लागतात आणि लहानपणीची चूक लोक विसरून जातात. मग हीच विसरण्याची सवलत बाकीच्यांना दिली तर बिघडलं काय?

अठरा पुरी झालेल्यांचं प्रकरण अधिक कठीण आहे. अभ्यासिकेतली बहुतेक पोरं याच वयाची असतात, आणि त्यांचं सगळं भविष्य चारित्र्य पडताळणीच्या एका अर्जावर उभं असतं. बाल न्यायाचं छत्र तिथं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत एवढी सोय आहे की, पाच हजारांखालची वस्तू असेल, पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि वस्तू परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. चांगली तरतूद आहे, पण दोषसिद्धी ती दोषसिद्धीच. एकोणीस वर्षांच्या मुलाने अकरा हजारांचा फोन घेतला आणि दुसऱ्या दिवशी रडत परत आणून दिला, तर फिर्याद देण्याआधी अभ्यासिकेच्या चालकाने एक रात्र थांबावं, असं मी म्हणेन. गुन्हा दडवायला नव्हे. राग उतरल्यावरही फिर्याद द्यावीशी वाटते का, हे बघायला.

येत्या जूनमध्ये शाळा, वसतिगृहं उघडतील. पहिल्या पालकसभेत हा विषय घ्या. सगळ्या फोनचे आयएमईआय क्रमांक रजिस्टरला लिहून घ्या, चार्जिंगसाठी कुलपाचा कप्पा करा, ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याला सभेला बोलवा आणि त्याचा नंबर फळ्याशेजारी लावा. आणि सगळ्यांसमोर एक नियम ठरवा: झडती घ्यायची वेळ आलीच, तर पहिली बॅग गृहपालाच्या स्वतःच्या मुलाची उघडली जाईल.