पॉटकेटचं मैदान

“जिथले खेळाडू दुसरीकडे जायचीच वाट बघतात, त्या संघाला कसला आलाय इतिहास?” एका मित्राचं हे वाक्य बरेच दिवस खुपतंय. रोख होता ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटच्या बेसबॉल संघावर.

मायनर लीग म्हणजे बेसबॉलची दुय्यम पातळी. तिथली रीत अशी: खेळाडू करारबद्ध बॉस्टन रेड सॉक्स या मोठ्या संघाशी, पॉटकेटला तो फक्त तयार व्हायचा. म्हणून मी खेळाडूंचा संघ आणि प्रेक्षकांचा संघ वेगळे धरतो. पहिला दर मोसमात विस्कटतो, दुसरा त्याच बाकांवर म्हातारा होतो.

१८ एप्रिल १९८१ला रॉचेस्टरविरुद्ध सुरू झालेला सामना ईस्टरच्या पहाटे चारनंतर, ३२ डाव होऊन थांबवला. तेव्हा थंडीत १९ प्रेक्षक बसून होते. २३ जूनला उरलेला खेळ १८ मिनिटांत आटोपला आणि पॉटकेट ३-२ने जिंकलं. त्या सामन्यातले वेड बॉग्ज आणि कॅल रिपकेन पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. मला मात्र ते १९ जण जास्त मोठे वाटतात.

तिथली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. पॉटकेटच्या मॅककॉय स्टेडियममध्ये खेळाडूंची बसायची जागा प्रेक्षकांच्या पायाखाली होती. पोरं दुधाचे रिकामे प्लॅस्टिक कॅन कापून, त्यात चेंडू आणि पेन ठेवून दोरीने खाली सोडत. सही झाली की वर ओढायचं, विहिरीतून पोहरा ओढावा तसं.

मित्राचं उत्तर तयार होतं: “प्रेक्षक एवढे सच्चे, मग संघ वूस्टर शहराला का गेला?” लिहायला बसलो तेव्हा माझंही मत होतं, की शहराने पैसा ओतून संघ राखायला हवा होता. दिवाळखोरीतला हा संघ १९७७मध्ये बेन मॉन्डर या कापड गिरणीवाल्याने सावरला होता. २०१५मध्ये आलेल्या मालकांना मात्र नवं स्टेडियम हवं होतं, तेही सरकारी पैशाच्या मदतीने. लोकांनी विरोध केला. वूस्टरने पैसा दिला आणि २०२१च्या मोसमापासून संघ तिकडचा झाला. २०२०चा मोसम कोविडने रद्द केल्यामुळे निरोपाचा सामनाही झाला नाही.

पण खेळाडू आणि प्रेक्षक हा मीच केलेला फरक मला उलटं सांगतो. राहणारे प्रेक्षक असतील, तर पैसाही राहणाऱ्यांवरच खर्चायला हवा. स्लेटर या गिरणीवाल्याने अमेरिकेतली सूतगिरणी जिथे रुजवली, त्या या गावाने पुढे गिरण्या दक्षिणेकडे जाताना पाहिल्या. मालक जातो, हे त्याला कुणी शिकवायला नको. तेव्हा ‘नाही’ म्हणणारे बरोबर होते, असं आता मला वाटतं. १९४२मध्ये दलदलीवर सार्वजनिक पैशातून उभं राहिलेलं मॅककॉय शहराच्याच मालकीचं राहिलं. त्या जागेवर आता हायस्कूल व्हायचं आहे.