हिताची सक्ती

ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याचा नकार नकार म्हणून धरायचा की नाही? प्रश्न पुस्तकी वाटेल. पण शाळेत लस टोचणारे येतात तेव्हा तो वर्गाच्या दाराशी उभा असतो. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस देतात. इतर मुले ओठ चावून मोकळी होतात. स्वमग्न मुलाचे, त्यातही ज्याची समज बेताची आहे त्याचे, तसे होत नाही. स्पिरिटचा वास, परका हात, रांगेतला गलका हे सारे त्याच्यावर एकदम कोसळते. सुई अजून पेटीतच असते. मग चौघे मिळून त्याला दाबून धरतात, आणि वर म्हणतात, ‘दुखणार नाही रे!’

मला धरण्यापेक्षा हे खोटे अधिक लागते. साधे मूल त्यातली माया ओळखते आणि खोटे माफ करते. शब्द जसाच्या तसा घेणाऱ्या मुलाला मात्र त्या दिवशी एवढेच कळते, की आपली माणसेही भरवशाची नाहीत.

डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा मुलांचे वर्णन केले, तेव्हा सारे नेहमीसारखेच राहावे या त्यांच्या हट्टावर बोट ठेवले होते. उपाय त्या हट्टातच आहे. माझ्या माहितीतल्या एका आईने चार चित्रे काढली: खोली, कापूस, सुई, घर. रोज संध्याकाळी तोच क्रम. बिनसुईची पिचकारी मुलाच्या हातात. दंडावर ओला कापूस. मग दहापर्यंत मोजणे. ‘दुखेल. दहा झाले की संपेल.’ आणि दहाला खरोखर संपवायचे, अकरा नाही. डॉक्टरांना विचारून तासभर आधी बधिर करणारे मलम लावता येते. रांगेत पहिला नंबर द्यावा. आमचे हिवरे बाजार पाण्याचा ताळेबंद मांडून मग पीक ठरवते. अशा गावाला एका मुलासाठी पंधरा दिवसांच्या संध्याकाळी जड का व्हाव्यात?

पण पिसाळलेला कुत्रा चावला तर? तिथे पंधरा दिवस कुठले! तो रोग एकदा उमटला की माणूस बहुधा वाचत नाही. तिथे मूल कितीही ओरडले तरी मी त्याला धरीन, आणि तो नकार मोडला हेही मान्य करीन. हित केले म्हणून सक्ती सक्ती राहत नाही, असे मला म्हणवत नाही. धरायचे तर आईने मांडीवर घेऊन, तोंडाने खरे बोलत. चार परक्यांनी नव्हे.

चामडीत टोचायची ती लस पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा घ्यावी लागते. पहिली सुई लादलेली. दुसरीच्या आधी मात्र तीन दिवस हाताशी असतात. तेवढ्यात चार चित्रे काढून होतात.