शस्त्र विकणाऱ्याचा धर्म

शस्त्र चालवणाऱ्याच्या पापपुण्याचा खल शतकानुशतके होत आला आहे. कुरुक्षेत्रावर अर्जुनाला पडलेला प्रश्न हे त्याचे सर्वांत परिचित रूप. शस्त्र विकणाऱ्याच्या माथी काय येते, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो वेगळाच ठेवला पाहिजे. योद्ध्यासमोर शत्रू असतो, पाठीशी रक्षण करायची माणसे असतात, त्याच्यावर युद्धाचे नियम बंधनकारक असतात आणि स्वतःचा जीवही तो पणाला लावतो. त्याचे समर्थन मान्य होवो न होवो, ते या चार गोष्टींवर उभे असते. विक्रेत्याजवळ यांतले काहीच नसते. म्हणूनच धर्मग्रंथांनी त्याचा विचार युद्धाच्या प्रकरणात न करता बहुधा उपजीविकेच्या प्रकरणात केला.

अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्त अगदी छोटे आहे. उपासकाने पाच व्यापार करू नयेत, असे ते सांगते: शस्त्रांचा, सजीवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. या यादीत शस्त्र पहिले आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, राजांनी सैन्य मोडावे असा आग्रह बुद्धांनी धरला नाही. उलट, राजसेवेतील सैनिकांना प्रव्रज्या देऊ नये, ही बिंबिसाराची विनंती त्यांनी मान्य केल्याचे विनयपिटक सांगते. म्हणजे राज्याला सेना असणार हे गृहीत होते, तरी उपासकाने शस्त्रांवर पोट भरू नये हा नियम कायम राहिला.

जैन परंपरा याहून पुढे गेली. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य येते. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त त्याची व्याप्ती सांगताना विषाबरोबर शस्त्रे, यंत्रे, लोखंड आणि नांगरही घेतला. दुसऱ्याला हिंसेची साधने पुरवणे हा अनर्थदंडाचा, म्हणजे निष्कारण हिंसेचा, स्वतंत्र प्रकारच मानला गेला. मनुस्मृतीने आपत्काळी वैश्यवृत्तीने जगणाऱ्या ब्राह्मणाला ज्या वस्तू विकायला मनाई केली, त्यांत शस्त्र आणि विष शेजारीशेजारी आहेत. कौटिल्याचा विचार नीतीपेक्षा राज्यकारभाराचा आहे; त्याने आयुधागारावर अध्यक्ष नेमून शस्त्रनिर्मिती आणि साठा राज्याच्या हाती ठेवला.

पश्चिम आशिया आणि युरोपातील धर्मविचाराने बंदी घातली ती मुख्यतः गिऱ्हाईक पाहून. बुखारींच्या हदीससंग्रहात फितन्याच्या, म्हणजे अंतर्गत कलहाच्या, काळातील शस्त्रविक्रीवर स्वतंत्र प्रकरण आहे. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने मुस्लिम सत्तांना शस्त्रे, लोखंड आणि जहाजाचे लाकूड विकणाऱ्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांना बहिष्कृत केले. अमुकाला विकू नये, तमुकाला चालेल, ही आजच्या निर्यात परवान्याची रीत याच वळणाची आहे. तिच्यात विक्रेत्याचा धंदा निर्दोष धरला जातो आणि दोष फक्त चुकीच्या गिऱ्हाइकात पाहिला जातो.

‘आम्ही तर व्यापारी’ हा बचाव महाराष्ट्राच्या इतिहासातही एकदा तपासला गेला. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा पडला असताना राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन तेथे गेला आणि इंग्रजी निशाण लावून गडावर मारा केला. पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरवर चाल करून वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केले. कैद्यांनी सुटकेसाठी तगादा लावला तेव्हा सुरतेच्या त्यांच्याच वरिष्ठांनी कळवले की, ही कैद कंपनीचा माल राखताना ओढवलेली नसून पन्हाळ्यावर ओळखीच्या निशाणाखाली गोळे फेकल्यामुळे आली आहे. या प्रकरणात विक्रेता स्वतः तोफेपाशी उभा होता, त्यामुळे निवाडा सोपा होता. अवघड प्रश्न तो घरी बसून विकतो तेव्हा उभा राहतो.

असा प्रश्न १७९५-९६ मध्ये बर्मिंगहॅमच्या क्वेकर मंडळीसमोर आला. क्वेकर हा ख्रिस्ती पंथ युद्ध सर्वथा निषिद्ध मानतो. सॅम्युअल गॅल्टन हा त्यांच्यातील प्रतिष्ठित गृहस्थ आणि वडिलार्जित बंदूक कारखान्याचा मालक होता. त्याच्या बंदुका सरकारला जात, तशाच गुलामांच्या व्यापारासाठी पश्चिम आफ्रिकेतही जात. मंडळीने जाब विचारला तेव्हा त्याने छापील उत्तर दिले. धंदा वारशाने आला, इतकी वर्षे कोणी हरकत घेतली नाही, बंदूक बचावालाही लागते, हे मुद्दे होतेच. पण त्याचा खरा भर दुसरीकडे होता. युद्धाला पैसा पुरवणारा कर सगळेच भरतात. गुलामांच्या श्रमाची साखर आणि कापूस सगळेच वापरतात. मद्य गाळणाऱ्याला जव विकणारा शेतकरी दारूबाजीतून सुटत नाही. मग एकट्या बंदूकवाल्यालाच दोषी का धरायचे? मंडळीने १७९६ मध्ये त्याला सदस्यत्वातून काढले.

गॅल्टनचा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. समाजाची घडण अशी असते की, हिंसेपासून पूर्ण अलिप्त असा कोणीच उरत नाही, हे त्याने अचूक पाहिले. चूक आहे ती निष्कर्षात. सर्वांचा वाटा आहे म्हणून सर्वांचा वाटा सारखा ठरत नाही. जवाची भाकरी होते, लोखंडाची विळी होते. लढाईची बंदूक मात्र ज्या कामासाठी घडवली जाते ते घडवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. शस्त्राबरोबर नांगरही यादीत घेणाऱ्या जैन आचार्यांना गॅल्टनची शंका नवी वाटली नसती. दोषाचे वर्तुळ मोठे आहे हे त्यांनी मान्यच केले होते. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की, ज्याला जेवढे सोडता येईल तेवढे त्याने सोडावे.

साहित्यात या बचावाला सर्वांत धारदार रूप बर्नार्ड शॉने दिले. ‘मेजर बार्बरा’ (१९०५) या नाटकातील तोफांचा कारखानदार अंडरशाफ्ट कसलीही सबब सांगत नाही. योग्य किंमत देईल त्याला शस्त्र विकायचे, त्याचे मत वा पक्ष पाहायचा नाही, हेच त्याचे व्रत आहे. त्याची मुलगी साल्व्हेशन आर्मीत सेवा करते, आणि गरिबांचे आश्रयस्थान चालू ठेवायला संस्था त्याचीच देणगी घेते. दारिद्र्य हाच सर्वांत मोठा गुन्हा आणि आपल्या कामगारांना चांगली घरे व पगार आहेत, हे त्याचे म्हणणे नाटकात कोणालाही पुरते खोडता येत नाही. मात्र पगारामुळे कामगाराचे भले होते, यातून गोळा ज्याच्या घरावर पडतो त्याचा हिशेब मिटत नाही. एर्जेच्या ‘टिनटिन’ मालिकेतील ‘द ब्रोकन इअर’मध्ये बाझिल बाझारोव्ह नावाचा विक्रेता लढणाऱ्या दोन्ही देशांना तोफा विकतो. हे पात्र बाझिल झाहारॉफ या खऱ्या शस्त्रविक्रेत्यावरून बेतलेले आहे. झाहारॉफच्या काळात नॉर्डेनफेल्ट कंपनीने एक पाणबुडी ग्रीसला आणि मग दोन तुर्कस्तानला विकल्या होत्या.

आजचा शस्त्रबाजार पॅरिसजवळचे युरोसॅटरी, लंडनचे डीएसईआय, अबुधाबीचे आयडेक्स अशा प्रदर्शनांतून भरतो. दालने, माहितीपत्रके, सरकारी शिष्टमंडळे हे सारे तेथे उघडपणे चालते. डीएसईआयबाहेर क्वेकर आणि इतर धर्मगट दर वेळी प्रार्थना करतात. २०१७ मध्ये तिथला रस्ता अडवणाऱ्या चार आंदोलकांची निर्दोष मुक्तता ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कायम केली. भारताचे डेफएक्स्पो २०१६ मध्ये गोव्यातील केपे तालुक्यात भरले आणि त्याला स्थानिक विरोध झाला. २०२२ मध्ये ते गांधीनगरला झाले, आणि त्याच्या स्थळांत महात्मा मंदिर होते. गांधीजींच्या नावाच्या वास्तूत शस्त्रांचे प्रदर्शन भरवणे हा स्थळाच्या निवडीतला दोष आहे आणि तो दोष म्हणूनच नोंदला पाहिजे.

२०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शस्त्रव्यापार करार मंजूर केला. भारत मतदानात तटस्थ राहिला. वंशसंहारासाठी शस्त्रे वापरली जातील हे ठाऊक असताना ती देऊ नयेत, असे हा करार सांगतो. जबाबदारीचा निकष म्हणून ‘ठाऊक असणे’ तो पुढे आणतो, आणि हीच त्याची खरी कमाई आहे. मी नाही विकले तर दुसरा विकेल, हा युक्तिवाद या निकषापुढे टिकत नाही, कारण दुसऱ्याला काय ठाऊक होते याने पहिल्याचे ज्ञान पुसले जात नाही.

महाराष्ट्रात हा विषय दूरचा नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. देहूरोडला, जेथे डॉ. आंबेडकरांच्या हस्ते १९५४ मध्ये बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, तेथेही आयुध निर्माणी आहे. स्वतःच्या देशाच्या संरक्षणासाठी शस्त्र घडवणारा कामगार वणिज्जा सुत्तातील विक्रेता ठरत नाही. मात्र माल परदेशी गिऱ्हाइकाकडे जाऊ लागला की हे अंतर कमी होते. २०२३-२४ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २१,०८३ कोटी रुपयांवर गेली. म्हणजे प्रश्न आता कामगाराच्या विवेकापुरता राहिलेला नाही, ज्यांच्या नावे ही विक्री होते त्या नागरिकांचाही तो झाला आहे. कोणते शस्त्र, कोणत्या देशाला आणि कशासाठी विकले, हे प्रत्येक करारागणिक संसदेसमोर मांडले जावे, अशी मागणी नागरिकांनी केली पाहिजे.