निरोग्याचा दोष

मराठी भाषेत ‘दोष’ हा शब्द दोन घरी नांदतो. वैद्याकडे तो वात, पित्त व कफ यांचे नाव होतो, तर न्यायाधीशापुढे तोच अपराधाचा पर्याय ठरतो. रोगी आणि अपराधी यांची सरमिसळ करण्याची माणसाची खोड फार जुनी असल्याने एकाच शब्दाने दोन्ही कामे उरकली, यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चर व कॉख यांनी रोगाचे मूळ सूक्ष्म जंतूंत दाखविले, तेव्हा ही सरमिसळ खरे तर मिटावयास हवी होती. कारण जंतूला पापही कळत नाही आणि पुण्यही कळत नाही. परंतु जुना प्रश्न गेला आणि त्याच्या जागी अधिक अवघड प्रश्न येऊन बसला. ज्याच्या मनात अपाय करण्याचा लेशही नाही आणि ज्याच्या अंगात रोगाचे एकही चिन्ह नाही, अशा मनुष्यामुळे दुसरा मेला, तर त्याला काय म्हणावे?

विषमज्वराचे, म्हणजे टायफॉइडचे, उदाहरण घेऊ. दूषित पाणी, दूध वा अन्न यांतून त्याचे जंतू पोटात जातात. जठरातील आम्लातून जे तगतात ते लहान आतड्याचे अस्तर भेदून आत शिरतात. उपऱ्याला गिळून टाकणाऱ्या पेशी शरीराने तेथे पहाऱ्यास ठेवलेल्या असतात. त्या आपले काम चोख बजावतात, जंतू गिळतात, आणि नेमका येथेच घात होतो. हा जंतू पहारेकऱ्याच्या पोटात मरत नाही; तेथेच वाढतो आणि त्याच्याच आश्रयाने यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा येथवर पोहोचतो. एकदोन आठवडे मनुष्य हिंडताफिरता असतो. मग जंतू रक्तात उतरतात व ज्वर चढू लागतो. यकृतातून पित्ताशयात आणि तेथून पुन्हा आतड्यात अशी त्यांची वाटचाल चालू राहते. उपचार न झाल्यास तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतड्याच्या व्रणांतून रक्त वाहू लागते, क्वचित् आतडे फुटते. रोगातून उठलेल्यांपैकी शेकडा दोनचार जणांच्या पित्ताशयात, विशेषतः तेथे खडे असतील तर, जंतू ठाण मांडून बसतात. असा मनुष्य ठणठणीत दिसतो, कामावर जातो, आणि त्याच्या मलावाटे जंतू वर्षानुवर्षे बाहेर पडत असतात. शौचानंतर हात धुण्यात थोडी कसूर झाली, की पुढचे सारे आपोआप घडते.

मेरी मॅलन अशांपैकी एक. १८६९ साली आयर्लंडमध्ये जन्मलेली ही बाई न्यूयॉर्ककडे श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करी. १९०६ च्या उन्हाळ्यात ऑइस्टर बे येथील एका घरात सहा जणांना विषमज्वर झाला. जॉर्ज सोपर नावाच्या अभियंत्याने माग काढला, तेव्हा तिने पूर्वी काम केलेल्या आठ कुटुंबांपैकी सात कुटुंबांत हाच ज्वर होऊन गेल्याचे आढळले. शिजण्याच्या उष्णतेने जंतू मरतात. सोपरचा संशय गेला तो ताजी पीच फळे कापून घातलेल्या तिच्या आइसक्रीमवर. १९०७ मध्ये तिला पकडून एका बेटावरील रुग्णालयात ठेवले. तिच्या मलाच्या १६३ नमुन्यांपैकी १२० नमुन्यांत जंतू सापडले. तिने स्वतः खाजगी प्रयोगशाळेकडे पाठविलेल्या नमुन्यांत मात्र ते आढळले नाहीत. जंतू नेमाने रोज बाहेर पडत नाहीत, म्हणून दोन्ही निकाल खरे असू शकतात. आपण कधी आजारी पडलोच नाही असे सांगणाऱ्या त्या बाईने कोणता निकाल खरा मानला असेल, हे सांगावयास नकोच. पुन्हा स्वयंपाक करणार नाही या वचनावर १९१० मध्ये तिची सुटका झाली. १९१५ मध्ये ती नाव बदलून एका प्रसूतिगृहात स्वयंपाक करताना सापडली. तेथे पंचवीस जण आजारी पडले होते व दोघे दगावले होते. त्यानंतर १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेवीस वर्षे ती त्या बेटावरच होती.

१९०७ पूर्वीच्या मेरीला दोषी म्हणता येत नाही, याविषयी दुमत नसावे. हेतू नाही, ज्ञान नाही, तेथे कर्म घडले तरी ते कर्त्याला चिकटत नाही, असे आपल्याकडचा साधा शेतकरीही म्हणेल. १९१५ च्या मेरीविषयी तसे म्हणवत नाही. तिला पटले नसेल. परंतु सांगितले तर गेले होते, आणि ज्यात दुसऱ्याचा जीव पणाला लागतो तेथे ‘मला पटले नाही’ एवढे उत्तर पुरत नाही. बाळंतिणींच्या ताटात ती स्वतःची शंका वाढीत होती. तिच्याविषयी कितीही कणव वाटली, तरी हे कठोर वाक्य आम्हांस मागे घेता येत नाही.

पण तो हुकूम कसा होता तेही पाहिले पाहिजे. ‘स्वयंपाक करू नये’ एवढेच त्यात होते. मग करावे काय? धुलाईचे काम तिला मिळाले, पण त्याची मजुरी स्वयंपाकाहून कमी. सारा जन्म फायलींत घालविणाऱ्या आमच्या वाचकांस या तऱ्हेचा शेरा अपरिचित नसेल: मनाई स्पष्ट, आणि पर्यायाचा रकाना कोरा. त्याच शहरात १९२४ मध्ये एका उपाहारगृहाचा मालक आपण वाहक आहोत हे ठाऊक असूनही अन्न हाताळताना सापडला. त्याने व्यवसाय दूरध्वनीवरून चालविण्याचे कबूल केल्यावर न्यायालयाने त्याला मोकळे सोडले. जंतू दोघांचा एकच. परंतु दूरध्वनीवरून पोळ्या लाटता येत नाहीत, एवढा फरक स्वयंपाकिणीच्या वाट्याला आला.

वृत्तपत्रांनी तिचे नावच ‘टायफॉइड मेरी’ करून टाकले. आमच्या मते खरा अन्याय येथे आहे. जंतू वस्तूतून व कृतीतून पसरतो: पाण्यातून, न धुतलेल्या हातातून. समाज मात्र कृती सोडून माणूस धरतो आणि माणसालाच अशुद्ध ठरवितो. ही रीत आम्हां महाराष्ट्रीयांस परकी नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी तळे ‘शुद्ध’ केले, ते शेण, गोमूत्र, दूध व दही यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रपूर्वक त्यात ओतून! माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि शेणाने ते निर्मळ होते, असे मानणाऱ्यांना विटाळाचे भय पुष्कळ होते. संसर्गाची कल्पना मात्र तिळमात्र नव्हती. मेरीला निदान १६३ वेळा तपासले गेले. येथे पिढ्यान्पिढ्या तपासणीवाचून शिक्षा भोगली गेली. उलट, सोवळे नेसून ओल्या हाताने नैवेद्य वाढणारीच्या पित्ताशयात काय आहे, हे सोवळ्याला कधी कळले नाही.

म्हणून दोन ऋणे वेगळी मानावी, असे आम्हांस वाटते. ज्याला आपल्यातील जंतू कळला, त्याने इतरांसाठी काही सोडले पाहिजे. आणि ज्यांच्यासाठी त्याने ते सोडले, त्यांनी त्याची भाकरी चालविली पाहिजे. पहिल्याची वसुली कायदा करतो. दुसरे सहसा कोणाच्याच खाती मांडले जात नाही. प्रतिजैविकांच्या दीर्घ उपचाराने आज पुष्कळ वाहक जंतुमुक्त होऊ शकतात, ही मेरीला न लाभलेली सोय. परंतु तोवरचे आठवडे रोजंदारीच्या माणसाने कसे काढावे? आपल्या देशात २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांनुसार अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावयास हवी. घरापासून दूर, परप्रांतात खाणावळीवर दिवस काढणारे आपण स्वयंपाक्याच्या हाताच्या चवीविषयी तासन्तास बोलतो. तो त्या तपासणीत अडकला, तर त्या महिन्याचा त्याचा पगार कोण देतो, याची चौकशी पंगतीतल्या कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.