तीच वस्तू, तोच भाव

भाच्याला ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं. तो ॲनिमेशन शिकतो, ब्लेंडरमध्ये काम करतो, आणि त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक फ्रेम रेंडर होईतो आमची जेवणं उरकायची. ताईने पैसे माझ्याकडे दिले. "तू बघ, तुला भाव काढता येतात." माझाही तसा समज होता. आरटीएक्स 3060 हे नाव टाकलं, सात ठिकाणच्या किमती एक्सेलमध्ये चढत्या क्रमाने मांडल्या. सगळ्यात वरची ओळ ती आपली.

पण आकडे एका रांगेत बसेनात. एक भाव माझ्याकडे नसलेल्या, मेहुण्याकडे असलेल्या क्रेडिट कार्डावरचा होता. एकात डिलिव्हरीचे पैसे अगदी शेवटच्या पानावर वाढले. (2023च्या नोव्हेंबरात आपल्याकडे ग्राहकांना फसवणाऱ्या क्लृप्त्यांची जी सरकारी यादी निघाली, तिच्यात हा प्रकार आहे.) 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये व्याजाएवढी सूट मिळते खरी, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आपल्याच माथी बसतो. शिवाय खोडलेली एमआरपी. एमआरपी ही कायद्याने कमाल मर्यादा. तिच्याखाली कितीही उतरता येतं, त्यामुळे ती जितकी उंच छापावी तितकी सूट मोठी दिसते. युरोपात 2022पासून नियम आहे की सूट जाहीर करताना मागच्या तीस दिवसांतला सर्वांत कमी भाव हाच 'आधीचा भाव' म्हणून दाखवायचा. आपल्याकडे खोडलेला आकडा कुणी कधी मोजला होता का, हे विचारायची सोय नाही.

हे सगळं मी वेगवेगळे रकाने पाडून निस्तरलं. अभिमान वाटावा असा तक्ता झाला. मग सहज म्हणून लॅमिंग्टन रोडला गेलो.

दुकान म्हणजे एक काउंटर आणि छतापर्यंत खोके. मालकाने तक्ता मोबाइलवर पाहिला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे आठ जीबीचं आहे साहेब. बाकीची बारा जीबीची." नाव तेच, आरटीएक्स 3060. पण आठवाल्याची मेमरी बस 128 बिटची, बारावाल्याची 192ची. ब्लेंडरचा मोठा सीन मेमरीत मावला नाही तर स्वस्त कार्ड कशाला घेतलं असं होणार. (खुद्द एन्व्हिडियाने 2022मध्ये 4080 या एकाच नावाची दोन वेगळी कार्डं जाहीर केली होती. ओरड झाल्यावर त्यातलं एक विक्रीला यायच्या आधीच मागे घेतलं.) मग त्याने भाच्याला कॅबिनेटचा फोटो मागितला. दुसऱ्या ओळीतलं कार्ड तीन पंख्यांचं. पुढे हार्डडिस्कचा पिंजरा आहे, आत जाणार नाही. पॉवर सप्लाय कोणता, त्याला आठ पिनची वायर आहे का, हेही विचारलं. तासभर गेला. शेवटी सात ओळींतल्या तीनच उरल्या आणि त्या तीन खरोखर एकमेकींशी ताडून पाहता येतील अशा होत्या.

त्याचा भाव सर्वांत स्वस्त ऑनलाइन ओळीपेक्षा एकोणीसशे रुपयांनी जास्त होता.

सिसेरोच्या कर्तव्यांवरच्या ग्रंथात एक धान्यव्यापारी आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलाय, हा अलेक्झांड्रियाहून गलबत भरून आलाय, आणि मागून आणखी गलबतं येतायत हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते गिऱ्हाइकांना सांगावं का? बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, खोटं बोलू नये एवढं पुरे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांगावं. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूचा. दोन हजार वर्षं हा प्रश्न विकणाऱ्याला विचारला जातो, कारण माहिती त्याच्याकडे असायची. त्या दिवशी मागून येणाऱ्या गलबतांची माहिती माझ्या खिशात होती. आणि आपला माल उंच भावाचा आहे हे ठाऊक असूनही दुकानदार अँटिपेटरसारखा वागला होता.

यावर उत्तरं आहेत. मी ती सगळी मनात दिली. तासाचे पैसे त्याने मागितले नव्हते. न मागितलेल्या उपकाराचं कर्ज होत नाही. दुकानदार काही संत नव्हेत. 2021मध्ये क्रिप्टो मायनिंगमुळे कार्डांचा दुष्काळ होता तेव्हा 'कार्ड हवं तर मदरबोर्डही घ्या' असं सांगणारे होतेच. पैसे ताईचे, माझं औदार्य तिच्या खिशातून कशाला? हे शेवटचं मला अजूनही बिनतोड वाटतं.

तरी एक गोष्ट या उत्तरांत बसत नाही. मी दोन भाव ताडून पाहत होतो, पण ते ताडता येण्याजोगे त्याने केले होते. त्याच्याकडे जाण्याआधी माझ्याकडे सात आकडे होते, तुलना नव्हती. म्हणजे ज्या फुटपट्टीने मी त्याला महाग ठरवत होतो, ती त्याच्याच दुकानातून फुकट उचललेली. 'तीच वस्तू तिकडे स्वस्त' या वाक्यातलं 'तीच' त्याच्या तासातून आलं होतं. त्या तासाचं भाड्यासकट सगळं त्याच्या एकोणीसशे रुपयांत होतं. ऑनलाइन ओळीत तो तास शून्याला मांडला होता, कारण तो मी बाहेरून आणला होता.

"विचार करून सांगतो," म्हणालो. ग्रँट रोड स्टेशनच्या जिन्यावर भाच्याने विचारलं, "मामा, त्यांच्याकडूनच का नाही घ्यायचं?" मी भावाचा फरक सांगितला. तो म्हणाला, "पण आपण पहिलंवालं घेतलं असतं तर?" गाडी आली म्हणून बरं झालं.

कार्ड ऑनलाइनच घेतलं. रेंडर जेवणापर्यंत लांबत नाही, ताई खूश आहे. दोन महिन्यांनी भाच्याला जादा रॅम हवी झाली. या वेळी तक्ता न करता त्याच दुकानात गेलो. त्याने ओळखलं. "बसलं का कार्ड नीट?" विचारलं. कुठून घेतलं ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. रॅमचा भाव ऑनलाइनपेक्षा अडीचशेने जास्त असावा. बाहेर पडेपर्यंत मी मोबाइल काढला नव्हता, बाहेर पडल्यावर काढला.